हेडक्वार्टरच्या त्या हवालदार काकांना, ज्यांनी माझ्या दादाला तसंच परत गाडीत नाही बसवलं

काका, नमस्कार.

तुमच्या नेमप्लेटवरचं आडनाव मी वाचलं होतं, अजून लक्षात आहे, पण इथे लिहीत नाही. तुम्ही जे केलंत त्यात नियमाबाहेरचं काहीच नव्हतं हे माहितीये मला, तरी उगाच एखाद्या साहेबाने वाचायचं आणि तुम्हाला बोलावून घ्यायचं, नको. जेलचं, हॉस्पिटलचं, गावाचं नाव पण टाकत नाहीये. तुमच्यापर्यंत हे आलं तर तुम्हाला कळेलच. ३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार, दहीहंडी आटोपलेली आणि गणपती यायला आठवडा, त्या मधल्या फटीत आम्हाला गार्ड, म्हणजे कैद्याला जेलमधून हॉस्पिटलला नेणारी पोलीस पार्टी, मिळाली होती. एक गाडी, सात कैदी, आणि तुमच्या यादीत शेवटचं नाव माझ्या दादाचं. आणि मी ती निळी फाइल छातीशी धरून खांबाला टेकून उभी असलेली बाई.

लिहायला उशीर झाला. आधी गणपती, मग नवरात्र, मग विधानसभा, म्हटलं काका कुठल्यातरी चौकात नाहीतर बूथवर उभे असतील. आता निकाल लागून गुलाल पण धुतला गेला असेल तर बसलेय लिहायला. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज टाइप करते, स्वतःचं काही लिहायचं तर हात अडतो. सांभाळून घ्या.

तुम्हाला त्या दिवशी फक्त पेशंट दिसला. मागचं सांगते. जानेवारीत दादाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं आणि आत डीजे स्टेंट टाकला. (आई म्हणाली होती, डीजे म्हणजे मिरवणुकीतला का? तेव्हा हसलो होतो आम्ही.) म्हणजे किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत एक बारीक नळी असते, सूज उतरेपर्यंत वाट मोकळी रहावी म्हणून, आणि ती ठरलेल्या वेळेत काढावीच लागते, नाहीतर त्या नळीवरच खडा चढायला लागतो. डिस्चार्ज कार्डवर पेनने गोल करून लिहिलेलं, १ मार्चला काढायला येणे. आणि २७ फेब्रुवारीला दादाला अटक झाली. तीन दिवसांनी हुकलं काका. केस काय आहे, खरी का खोटी, ते कोर्ट बघेल, त्याबद्दल इथे काही बोलत नाही. दादा अजून कच्चा कैदीच आहे, आपल्या देशात जेलमधल्या शंभरातले सत्तरहून जास्त तसेच आहेत, खटल्याचा निकाल न लागलेले.

जेलच्या डॉक्टरांनी वाईट नाही वागवलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी बाहेरच्या हॉस्पिटलची चिठ्ठी लगेच दिली. पण चिठ्ठी असून उपयोग काय, न्यायला पोलीस पार्टी हेडक्वार्टरहून यायला लागते आणि ती आली नाही. एप्रिल-मे मध्ये लोकसभेचा बंदोबस्त. जुलैत वारी. प्रत्येक वेळी तारीख पडायची, हॉस्पिटलमध्ये नंबर लागायचा, मी दुकान बंद करून एसटीने यायची, ओपीडीच्या दारात दुपारपर्यंत थांबायची आणि मग कळायचं, "गार्ड नाही". दोनच शब्द. राग कोणावर काढायचा? जेलवाले म्हणतात आम्ही पत्र दिलंय, हेडक्वार्टरवाले म्हणतात माणसंच नाहीत, आणि दोघांचंही खरं असतं.

मुलाखतीला गेले की तो काचेच्या पलीकडे आणि मी अलीकडे, फोनवर आवाज नीट येत नाही म्हणून सगळेच ओरडत असतात. जूनमधल्या एका मुलाखतीत दादा ओरडून म्हणाला, लघवी लाल होतेय. मला ऐकू नाही आलं, मी म्हटलं काय? तो परत ओरडला. शेजारच्या बायका बघायला लागल्या. माझा दादा, जो माझ्यासमोर कधी बनियनवर पण यायचा नाही, त्याला हे चार लोकांत दोनदा ओरडायला लागलं.

२०२१ साली एल्गार परिषद केसमधले, तळोजा जेलमधले स्टॅन स्वामी गेले तेव्हाची बातमी मी मोबाइलवर वाचली होती. ८४ वर्षांचे, पार्किन्सन्स, हायकोर्टाच्या ऑर्डरनंतर मे अखेरीस वांद्र्याच्या होली फॅमिलीत हलवलं आणि ५ जुलैला गेले. त्याच केसमधल्या वरवरा रावांना नानावटीत न्यायला पण हायकोर्टच लागलं आणि गौतम नवलखांना जसलोकमध्ये न्यायला तर सुप्रीम कोर्ट. खरं सांगू, मी तेव्हा ते वाचून स्क्रोल करून पुढे गेले होते. मोठ्या केसेस, मोठे वकील, आपला काय संबंध. आता कळतं की ज्यांच्या मागे एवढे नामांकित वकील होते त्यांना एवढं करावं लागलं, तर टेम्पो चालवणाऱ्या माणसाला कोण नेणार होतं.

आमच्यासाठी धावल्या त्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडम, त्यांचे आभार वेगळे मानलेत, पेढे पण दिलेत. इथे दुसऱ्यांच्या उपयोगाचं म्हणून सांगते, मला वाटायचं फुकट वकील म्हणजे दारिद्र्यरेषेचं कार्ड वगैरे लागत असेल. तसं नाहीये. १९८७ च्या कायद्यात लिहिलंय की जो माणूस कस्टडीत आहे त्याला उत्पन्न न बघता वकील मिळतो, १५१०० ला फोन केला तरी सांगतात. मॅडमनी जुलैत अर्ज टाकला आणि त्यात नुसतं "उपचार मिळावेत" असं मोघम नाही लिहिलं. जेल अधीक्षकांनी अमुक तारखेच्या आत हॉस्पिटलला न्यावं, पोलिसांनी गार्ड द्यावी आणि काय केलं त्याचा रिपोर्ट कोर्टात द्यावा, असं तीन भागांत मागितलं, आणि कोर्टाने तसंच दिलं. मी त्या ऑर्डरच्या बारा झेरॉक्स काढल्या. (पहिलं डिस्चार्ज कार्ड जेलच्या गेटवर जमा केलं ते कुठे गेलं कोणालाच माहीत नाही, तेव्हापासून अक्कल आली.) पण नशीब बघा, १६ ऑगस्टला गार्ड आली तर कलकत्त्याच्या त्या डॉक्टर मुलीच्या प्रकरणावरून निवासी डॉक्टर संपावर. त्यांचं पण बरोबरच होतं. दादा पेनकिलर घेऊन परत गेला.

म्हणून ३० तारखेला मी काही आशेने आले नव्हते काका. सवयीने आले होते.

तुम्ही गाडीतून उतरलात, आधी मला बघितलंत आणि म्हणालात, "ताई, लांब थांबा. बोलायचं नाही, काही द्यायचं नाही." कडक आवाजात. मला वाटलं झालं. मग दोन पावलं पुढे जाऊन मागे वळून म्हणालात, "ती फाइल पेशंटची आहे का? मग ती माझ्याकडे द्या." आणि केसपेपरच्या लाइनीत तुम्ही स्वतः जाऊन उभे राहिलात, बरोबरच्या शिपाई पोराला पाठवलं नाहीत.

बाकीच्या सहा जणांचं दोन वाजेपर्यंत आटोपलं. दादाचा एक्स-रे व्हायचा होता. तुमच्याबरोबरचा तो तरुण शिपाई म्हणाला, "चला ना, संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आत पोचायचंय, याला पुढच्या तारखेला आणू." मी दहा फुटांवर होते, माझ्या पोटात खड्डा पडला कारण हेच वाक्य आजवर आमच्या नशिबात होतं. तुम्ही केसपेपरमधून मान पण वर न करता म्हणालात, "पुढची तारीख कोण देणार, तू?"

मग सहा जणांना घेऊन गाडी पाठवलीत आणि स्वतः एका जणाला घेऊन मागे राहिलात. एक्स-रेच्या खोलीत न्यायच्या आधी हातातली बेडी काढलीत, सांगायला कोणी लागलं नाही. नंतर वकील मॅडमकडून कळलं की १९९५ सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, हॉस्पिटलमधल्या कैद्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय बेड्या घालून ठेवायच्या नाहीत. तुम्हाला निकाल माहीत होता का नुसतं डॉक्टरला काम करायला जमावं म्हणून काढलीत, मला माहीत नाही. पण २०२३ मध्ये पुण्याच्या ससून हॉस्पिटलमधून तो ड्रग्जवाला कैदी पळाला आणि बंदोबस्तावरचे पोलीस सस्पेंड झाले, ते मी पण वाचलंय. बेडी काढताना तुमच्या डोक्यात ते नसेल असं कसं म्हणू. पेन्शन तोंडावर आलेल्या माणसाची त्यात काय पणाला लागते ते कळण्याइतकी मी मोठी आहे.

एक्स-रे मध्ये दिसलं की स्टेंटच्या वरच्या टोकाला खडा चढलाय, नुसता ओढून निघणार नाही, अॅडमिट करायला लागेल. अॅडमिट म्हणजे चोवीस तासांची गार्ड, शिफ्ट लावायच्या, रिलीव्हर आणायचे, आणि आठवड्याने गणपती. तुम्ही व्हरांड्यात येऊन हेडक्वार्टरला साहेबांना फोन लावलात. माझ्यापासून पाच फुटांवर येऊन उभे राहिलात आणि इतक्या मोठ्याने बोललात की पलीकडच्या वॉर्डातले पेशंट बघायला लागले. "हो साहेब, किडनीचा प्रश्न आहे. स्टेंटला खडा धरलाय. सोमवारी सकाळी घेणार म्हणतात. जिवाला धोका नाही म्हणाले, पण आज परत नेला तर किडनी जाऊ शकते. नाही साहेब, कोर्टाची ऑर्डर आहे ना, कॉपी माझ्या हातात आहे, तारीख वाचून दाखवू का?"

ती माझी झेरॉक्स होती काका, बारामधली सातवी की आठवी.

आजही मला कळलेलं नाही की तुम्ही रेंज नव्हती म्हणून ओरडत होतात की मला ऐकू जावं म्हणून. मला तुमच्याशी बोलायची परवानगी नव्हती, तुम्हाला मला काही सांगायची नव्हती, आणि तरी दादाला काय झालंय, कधी काय करणार, किती धोका, हे सगळं मला त्या एका फोनमध्ये कळलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी मी चहा आणि वडापाव आणले तर तुम्ही हात पण लावला नाहीत. "त्याला देता येणार नाही आणि मला चालत नाही. तुम्ही खा, सकाळपासून उभ्या आहात." रिलीव्हर रात्री साडेनऊला आले, तोपर्यंत तुम्ही त्या लोखंडी स्टुलावर बसून होतात, पाय सुजलेले दिसत होते बुटातून.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर मला नंतर मुलाखतीत दादाकडून कळली. रविवारी तुमची परत ड्युटी लागली होती म्हणे. डॉक्टर राउंडला सांगत होते की जुना काढून काही दिवसांसाठी नवीन स्टेंट टाकायला लागेल, तो नंतर ओपीडीला येऊन दुर्बिणीने काढून घ्यायचा. पुढे परत तेच. दादा गप्प, पेशंट काय बोलणार. तुम्ही मधेच म्हणालात, "डॉक्टर साहेब, माफ करा, पण गणपतीत याला परत आणायला गार्ड मिळेल ह्याची खात्री मी नाही देऊ शकत. ह्याला आत जेलमध्येच काढता येईल असं काही नसतं का?" डॉक्टर म्हणे क्षणभर थांबले, मग म्हणाले असतं, धाग्याचा स्टेंट असतो, धागा बाहेर चिकटपट्टीने लावून ठेवायचा, ठरलेल्या दिवशी ओढला की नळी बाहेर. सोमवारी तसंच केलं. ६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, दादा परत आत गेला आणि दोन दिवसांनी जेलच्या डॉक्टरांनी तो धागा ओढून नळी काढली. गार्ड नाही, गाडी नाही, तारीख नाही.

त्या डॉक्टरांना धाग्याचा स्टेंट माहीत होताच, पण कैद्याला दुसऱ्यांदा ओपीडीला आणणं म्हणजे काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं. आमच्या वकील मॅडमना कायदा माहीत होता, मला कागद माहीत होते. गार्ड मिळत नाही म्हणजे नक्की काय होतं, हे त्या वॉर्डात फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते बोललात. नसतं बोललात तरी कोणी तुम्हाला काही म्हटलं नसतं.

दादाची सोनोग्राफी दिवाळीनंतर झाली, तिला पण दोन तारखा गेल्या, असो. डावी किडनी थोडी दमलीये पण चालतेय. गेल्या मुलाखतीत काचेपलीकडून परत ओरडला, "त्या काकांना सांग, एकदम साफ होतेय आता!" शेजारच्या बायका परत बघायला लागल्या. यावेळी मी पण हसले.

आईने तुमच्यासाठी रव्याचे लाडू केलेत पण ते तुम्ही घेणार नाही, माहितीये. तुम्ही त्या शिपायाला सांगत होतात की पुढच्या मे मध्ये रिटायर होतोय आणि पेन्शनच्या कागदांचं काही कळत नाही. माझं दुकान एसटी स्टँडसमोर आहे, केसपेपरच्या लाइनीत तुम्ही फाइल उघडलीत तेव्हा आतल्या पावतीवर नाव होतं. हयातीचा दाखला असो नाहीतर आणखी काही, आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि तो पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शनच्या ऑर्डरचा नंबर, घेऊन या. रविवारी बंद असतं, सोमवारी गर्दी असते, मंगळवारी या. तेव्हा चहाला नाही म्हणता येणार नाही तुम्हाला, ड्युटीवर नसाल.

तुमची,
निळ्या फाइलवाली