‘हॉर्मोनचं औषध’ एवढं सांगून भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंतरा इंजेक्शन आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल आपल्या जिल्ह्यात दोनच सूर कानावर येतात. ‘हॉर्मोननं अंगातली ताकद जाते, मग कुठलंही दुखणं चिकटतं’ हा मोबाइलवर फिरणारा, आणि ‘काही होत नाही, बिनधास्त घ्या’ हा शिबिरातला. खोट दोन्हींत एकच आहे. कोणतं हॉर्मोन, किती मात्रेत, याचा दोन्हींत पत्ता नसतो; आणि प्रतिकारशक्तीचा प्रश्न तर नेमका त्यावरच अडतो.

उपकेंद्रात काय मिळतं ते आधी पाहू. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हॉर्मोनच्या असतात, प्रत्येकीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम, उरलेल्या सात लोहाच्या. अंतरा म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी स्नायूत. त्याच औषधाचा कातडीखाली टोचायचा प्रकार १०४ मिलिग्रॅमचा. छाया ही गोळी स्टिरॉइड जातीचीच नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं ते ऑर्मेलॉक्सिफेन, ३० मिलिग्रॅम, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. तांबीत तर हॉर्मोनच नाही. तरी घरी विचारलं तर या सगळ्यांचं उत्तर ‘सरकारी गोळी-इंजेक्शन’ एवढंच येतं.

आता पेशीत काय घडतं ते. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन प्रोजेस्टेरॉनच्या रिसेप्टरला, म्हणजे हॉर्मोनचा संदेश घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, चिकटतं, ते त्याचं कामच आहे. पण ते कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरलाही बऱ्यापैकी चिकटतं. दम्याला, सांधेदुखीला देतात ते प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ज्या रिसेप्टरवर काम करतं, तोच हा. चिकटलेला रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि दाह वाढवणाऱ्या काही जनुकांचं काम मंदावतो. म्हणूनच प्रयोगशाळेत या औषधात ठेवलेल्या टी-पेशी (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे जंतूंविरुद्ध इशारा देणारं प्रथिन कमी सोडताना दिसतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि पाळी पुढे ढकलायला देतात ते नॉरएथिस्टेरॉन त्या रिसेप्टरकडे जवळजवळ फिरकत नाहीत. त्यांचा ओढा पुरुषी हॉर्मोनच्या रिसेप्टरकडे, म्हणून काहींना मुरमं येतात, त्वचा तेलकट होते. प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या या सगळ्या औषधांना प्रोजेस्टिन म्हणतात. तेव्हा ‘प्रोजेस्टिनमुळे प्रतिकारशक्ती दबते’ हे वाक्य एका औषधाबाबत विचार करण्याजोगं आणि दुसऱ्याबाबत बिनबुडाचं आहे.

विचार करण्याजोगं म्हणजे घाबरण्याजोगं, असंही नव्हे. अंतरानंतर रक्तातली पातळी साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत चढते, एका मिलिलीटरमागे १ ते ७ नॅनोग्रॅमपर्यंत जाते, मग उतरत राहते आणि १२० ते २०० दिवसांत मोजता येणार नाही इतकी कमी होते. बशीतल्या पेशींवर औषध ओतून काढलेला निष्कर्ष बाईच्या अंगाला जसाच्या तसा लावता येत नाही. अंतरा घेणारीला सर्दी-ताप आला म्हणून पुढचा डोस चुकवायला सांगणं हा तर निव्वळ अडाणीपणा आहे.

संसर्गाचा खरा हिशेब रक्तापेक्षा योनिमार्गाच्या अस्तरात जास्त ठरतो. इस्ट्रोजेन असलं की त्या पेशींत ग्लायकोजेन साठतं, त्यावर लॅक्टोबॅसिलस जंतू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि सामू (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ४.५ च्या खाली राहतो. बाहेरचे बरेच जंतू तिथं तग धरत नाहीत. अंतरामुळे बीजकोश थंडावतात आणि इस्ट्रोजेन उतरतं, त्यामुळे ही व्यवस्था थोडी सैल होऊ शकते. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांचं उलट: खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव, म्हणजे कँडिडाची बुरशी, काहींना वारंवार छळते. पण प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा चिकट स्राव घट्ट होतो, त्यामुळे जंतूंनाही वर चढणं अवघड जातं. अंगावरून वास येणारं पाणी जातं तो बॅक्टेरिअल व्हजायनोसिस हॉर्मोन घेणाऱ्यांत कमी आढळतो आणि तांबीवाल्यांत जास्त. एक संसर्ग वाढतो, दुसरा घटतो. सरसकट ‘इन्फेक्शन होतं’ म्हणणाऱ्यानं कुठलं, ते सांगावं.

अंतरामुळे एचआयव्हीची लागण वाढते का, हा प्रश्न मात्र अनेक वर्षं गंभीरपणे चर्चेत होता. त्यासाठी एस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झाम्बियात ७,८२९ स्त्रियांवर ‘एको’ ही चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली होती. दर १०० स्त्री-वर्षांमागे नव्या लागणी अंतराच्या औषधात ४.१९, तांबीत ३.९४ आणि दंडात बसवायच्या लेव्होनॉर्जेस्ट्रेल इम्प्लांटमध्ये ३.३१. मोठा फरक आढळला नाही, आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं जोखमीतल्या स्त्रियांसाठीही सर्व पद्धतींना मोकळीक दिली. चाचणीची आखणी दीडपट वाढ पकडण्यासाठी होती, त्यामुळे बारीकशी वाढ असल्यास ती यातून सुटलेली असू शकते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला त्यातली वेगळीच गोष्ट जास्त बोचते: समुपदेशन आणि निरोध देऊनही तिन्ही गटांत वर्षाला शंभरात तीन-चार जणींना लागण झाली. अंतरा गर्भ रोखतं, जंतू नाही. नवरा बाहेरगावी कामाला असतो, कुणाचा ट्रकवर असतो. त्या घरांत अंतराबरोबर निरोधाची पाकिटं द्या आणि ती कशासाठी, हे तोंडानं सांगा.

आता संसर्गाची दुसरी बाजू, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही: संसर्गावरचं औषधच गोळी निकामी करतं. टीबीच्या सहा महिन्यांच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, आणि या दोन्ही टप्प्यांत रोज रिफाम्पिसिन असतं. ते यकृतातली हॉर्मोन मोडणारी विकरं वाढवतं. माला-एनची गोळी वेळेवर घेतली तरी रक्तात तिची मात्रा पुरेशी टिकत नाही. बाई एकही गोळी न चुकवता गरोदर राहते आणि बोल मात्र तिलाच लागतो. रिफाम्पिसिन थांबल्यावरही हा परिणाम साधारण चार आठवडे राहतो; म्हणजे एकूण सात महिने माला-एनवर विसंबायचं नाही. अंतरावर याचा फरक पडत नाही, तीन महिन्यांचं अंतरही कमी करावं लागत नाही. तांबीही चालते, फक्त टीबी ओटीपोटातला असेल तर ती बसवत नाहीत.

आणखी एक फट आहे. घरात टीबीचा रुग्ण सापडला की निरोगी माणसांना प्रतिबंधक उपचार देतात. त्यातल्या एका पद्धतीत आठवड्यातून एकदा असे बारा डोस असतात, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. रिफापेंटिन हे रिफाम्पिसिनचंच भावंड, तेही गोळी निकामी करतं. सासऱ्यांना टीबी, सून धडधाकट, तिच्या हातात बारा आठवड्यांचा कोर्स. तिच्या कपाटातलं माला-एनचं पाकीट कोण विचारतं? फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यांचंही असंच. उलट अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन अशा नेहमीच्या अँटिबायोटिकनं गोळी बिघडत नाही, ही भीती उगाच पसरलेली आहे. पावसाळ्यात गॅस्ट्रो झाला आणि गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी, एवढंच.

काविळीचंही सांगायला हवं. २०१२ ची इचलकरंजीची साथ पंचगंगाकाठ विसरलेला नाही; ती हेपॅटायटिस-ई ची होती. कावीळ अंगात असताना इस्ट्रोजेनच्या गोळ्या नव्यानं सुरू करू नयेत, कारण त्या मोडण्याचा भार यकृतावरच पडतो. पण म्हणून सगळंच बंद करून बसणंही धोक्याचं, कारण हीच कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतते. अशा वेळी प्रोजेस्टिनची पद्धत किंवा तांबी वापरता येते.

अंतरा टोचण्यातल्या चुका साध्या असतात, पण महाग पडतात. औषध पाण्यात तरंगणाऱ्या कणांचं असतं, कण तळाशी बसतात. कुपी नीट हलवली नाही तर मात्रा अपुरी जाते. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही; चोळल्यानं साठा लवकर विरघळतो आणि तीन महिने पुरत नाही. ठरल्या तारखेच्या १४ दिवस आधी ते २८ दिवस नंतरपर्यंत पुढचा डोस चालतो. ऊसतोडीला आलेल्या बायकांचा डोस हंगामाच्या मध्येच येतो आणि कार्ड गावी राहिलेलं असतं, म्हणून फडावर जाणाऱ्या आशाताईंना ही मुदत तोंडपाठ हवी. पाळी थांबली म्हणजे रक्त पोटात साचतं, हा समज खोटा. गर्भाशयाचं अस्तर पातळ झाल्यानं जायला काही तयारच होत नाही.

मागणी छोटी आहे. प्रत्येक कार्डावर आणि मेडिकलच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि तारीख मराठीत लिहावी, आणि देण्याआधी विचारावं: टीबी किंवा फिट्सची गोळी चालू आहे का, कावीळ झाली आहे का, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली होती का.

हा शेवटचा प्रश्न नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेआधी तर फारच गरजेचा होतो. पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून, असं काउंटरवर सर्रास दिलं जातं. या औषधाचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो, म्हणून गाठीचा इतिहास असलेल्या बाईला ते नको. आणि या गोळ्या चालू आहेत म्हणून गर्भ राहणार नाही, असंही धरून चालू नये.

आपली,
औषधनिर्माणशास्त्राची एक अध्यापिका
राजारामपुरी, कोल्हापूर