मॅनेजर फादरचं उत्तर

पुणे

प्रिय मिलिंद,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू हसत म्हणालास, "देवानं बोलावलं म्हणून गेलास आणि शेवटी शाळेचा मॅनेजर झालास!" समोर पालक बसले होते म्हणून नुसतं 'हूं' केलं. आता निवांत उत्तर देतो.

आधी एक गैरसमज काढून टाक. मी तीन व्रतं घेतलीत असं तू सगळीकडे सांगत फिरतोस. ती जेझुइटांसारख्या संघांतल्या फादरांची. मी धर्मप्रांताचा, म्हणजे थेट बिशपांच्या हाताखालचा माणूस. ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञापालनाचं वचन दिलंय, दारिद्र्याचं व्रत घेतलेलं नाही. (माझा खिसा बघितलास तर तेही घेतलंय असंच वाटेल.) त्या आज्ञापालनापोटी एक पत्र येतं, धर्मग्राम, म्हणजे नेमणुकीचं चर्च, बदलतं आणि चर्चच्या किल्ल्यांबरोबर शाळेच्या किल्ल्याही हातात पडतात. मुलांच्या शिक्षणाकडे धर्मगुरूनं लक्ष द्यावं, असं आमच्या चर्चच्या कायद्यात, कॅनन लॉमध्येच लिहिलंय. पण ते मी नंतर वाचलं.

माझ्या पाचारणाचं, म्हणजे देवाच्या त्या बोलावण्याचं म्हणशील तर आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. तुला बोर्डिंगचे म्हातारे फादर आठवतात ना? दिवाळी सरली की आपल्या शेवगावकडची घरं ऊसतोडीला निघायची, आणि मुकादमाची उचल घेतलेल्या घरातलं पोरगंही गाडीत बसायचं. फादर मोटरसायकल काढून थेट फडावर जायचे, मुकादमाशी भांडायचे, आईबापाच्या विनवण्या करायचे आणि पोराला मागे बसवून घेऊन यायचे. त्यात माझा चुलतभाऊ होता, तुझा मामाही होता. बाप्तिस्मा कुणाचा झालाय, हे त्यांनी फडावर कधी विचारलं नाही. फादर होणं म्हणजे हेच, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं. गावातली ती पत्र्याची खोलीही तशीच: आठवडाभर शाळा, रविवारी मिस्सा. माझे आजोबा बाप्तिस्मा घेऊन बसले, तुझे १९५६ ला बाबासाहेबांबरोबर गेले, पण अक्षर दोघांनी त्याच खोलीत गिरवलं.

मग मी फादर व्हायचं शिकायला नगर रोडला रामवाडीच्या पेपल सेमिनरीत आलो. ही सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथं आली. मल्याळी, खासी, ओडिया पोरांबरोबर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. संत थॉमस अॅक्वायनसच्या ईशज्ञानावर अजूनही तासभर बोलेन. संचमान्यता, यूडायस, शालार्थ या शाळेच्या सरकारी कामांतलं मात्र तिथं कुणी अक्षर शिकवलं नाही. ते आमच्या क्लार्कनं शिकवलं, आणि तो माझ्यावर अजून खूश नाही.

खरी परीक्षा प्रवेशाच्या दिवसांत. कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंटसारख्या, १८६७ पासूनच्या शाळांनी इतकं नाव कमावलंय की पुण्यात फादरची शाळा म्हटली की लोक साहेबी थाटच धरून चालतात. आमच्या शाळेच्या भिंतीला ओल आहे, तरी चिठ्ठ्या येतातच: कुणाच्या साहेबाची, कुणाच्या नगरसेवकाची. ताडीवाला रोडच्या वस्तीतली बाई मात्र चिठ्ठी आणत नाही. ती फाटकावर वॉचमनलाच विचारते आणि तिथूनच परत जाते.

शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब-वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा आम्हाला लागू नाहीत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून वगळलं. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवायचा हक्क देणारं घटनेचं कलम ३० मोठ्या मोलाचं आहे आणि त्यासाठी मी भांडेनही. पण ही सूट शाळा आपल्या पद्धतीनं चालवायला मिळालीय, त्या बाईला परत पाठवायला नाही. आमच्या कमिटीत एकजण म्हणाले, "फादर, कायदाच सांगत नाही, तर आपण का ओढवून घ्यायचं?" मी म्हटलं, मुकादमाशी भांडायलाही कुठल्या कायद्यानं सांगितलं नव्हतं. ते गप्प झाले, पटलं नाही हे उघड आहे. फीचा खड्डा कुठून भरायचा, हा त्यांचा प्रश्न खराच आहे आणि त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही.

त्यात आपल्याच नगरकडची ख्रिस्ती घरं. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात शीख १९५६ ला आले, तुम्ही बौद्ध १९९० ला. आम्ही अजून बाहेरच. एकाच वाड्यातले दोन चुलते, आणि अनुसूचित जातीची सवलत एकाच्याच पोराला. दुसरा माझ्याकडे येतो.

म्हणून यंदा ठरवलंय. शाळेचं शिकवणं मुख्याध्यापिका सिस्टर बघतील, त्यांना ते माझ्यापेक्षा बरं जमतं. मी दुपारी ऑफिसात बसणार नाही. गैरहजर पोरांची यादी घेऊन येरवडा, रामटेकडी अशी घरं फिरणार. काही फादरमित्रांना हे फादरच्या मानाला कमीपणा आणणारं वाटतं. वाटू दे.

आता तुझं काम. दहावीच्या पोरांना भूमिती कुणी नीट शिकवत नाही आणि तू बँकेतून सुटून शनिवारी झोपा काढतोस. चार वाजता शाळेत ये. मानधन शून्य, मिसळ माझ्याकडून. येताना मावशींच्या हातची शेंगदाण्याची चटणी आण आणि त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
पीटर