माप डब्याचं नको, दाराचं घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांवरचा लेख वाचला, छान होता, फोटोही मस्त. पण शेवटी शेवटी एक वाक्य होतं की साईडकारवाली बुलेट लांब न्यायची असेल तर "कुठलाही दहा बाय सहाचा बंद ट्रेलर पुरतो". हे वाचून मला राहवलं नाही. नाही हो पुरत. मी तोच घेतला होता आणि चांगले पैसे घालवून बसलोय, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मापं कापू नका.

माझ्याकडे वडलांची बुलेट आहे, डाव्या बाजूला साईडकार. लहानपणी आम्ही चौघं त्याच गाडीवरनं आळंदी जेजुरी करायचो, आई साईडकारमध्ये, मी तिच्या मांडीवर, धाकटी बहीण पुढं टाकीवर. आता माझं वय पासष्ट आणि कंबर तर ऐंशीची, त्यामुळे कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा मेळा असला तर पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर चालवत जाणं काही होत नाही. मुंबईला जायचं तर एक्सप्रेसवेवर दुचाकी, तीनचाकीला बंदीच आहे, म्हणजे परत जुन्या रस्त्यानं बोरघाट. बरं, ही दुचाकी की तीनचाकी असं लोक विचारतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सुटी करता येणारी साईडकार धरून ती मोटारसायकलच आहे, आणि त्याच कायद्यात ट्रेलरच्या व्याख्येतनं साईडकार मुद्दाम वगळलीये. मला हे वाचून उगाच बरं वाटलं होतं.

पहिल्यांदा छोटा हत्ती बघितला, पण त्याचा हौदा पाच फुटाच्या आतच, आणि माझी गाडी उजव्या हँडलच्या टोकापासनं साईडकारच्या मडगार्डच्या कडेपर्यंत पाच फूट दोन इंच. उघडा ट्रेलर एका मित्राचा वापरून पाहिला. शिरवळच्या पुढं चहाला थांबलो आणि भजी घेऊन येतोय तर एका गृहस्थांनी आपल्या पोराला साईडकारमध्ये बसवलेलं, बायको मोबाईल धरून उभी, आणि पोराच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास! ओरडणार कसं, पोरगं इतकं खूश होतं. पण सीटवर रस सांडला तो सांडलाच. त्यात जुलैमधला पाऊस. तेव्हाच ठरवलं, बंदच डबा पाहिजे.

आता चूक सांगतो. जन्म टूलरूममध्ये गेला, मायक्रोमीटर हातात धरून पोट भरलं, आणि ट्रेलर घेताना मी टेप लावली ती बाहेरनं! सहा फूट दिसलं, खूश झालो. प्रत्यक्षात आतनं पाच फूट नऊ इंच, कारण भिंतीच्या फ्रेम आणि प्लाय. मागच्या दाराची चौकट अजून आत, तिथं स्वच्छ मोकळी जागा पाच फूट एक. म्हणजे गाडीपेक्षा एक इंच कमी. आणि खरा घात पुढंच, ट्रेलरची चाकं डब्याच्या आत पेट्या करून बसवलेली, त्या दोन पेट्यांमध्ये अंतर चार फूट आठ इंच. ब्रेकचा लिव्हर काढून, हँडल वळवून कशीबशी दारातनं आत घेतली तर साईडकारचं चाक जाऊन त्या पेटीला टेकलं, पुढं नाही की मागं नाही. ज्यानं ट्रेलर बनवला तो म्हणतो, काका काळजी नका करू, तुमच्या मडगार्डचा पत्रा जरा ठोकून आत घेतो. वडलांच्या वेळचा पत्रा! त्याला मी चहा पाजला आणि घरी पाठवलं. तो डबा शेवटी एका केटररनं घेतला, पातेली आणि शेगड्यांसाठी, त्याला पेट्यांचा काही त्रास नाही, उलट त्यावर तो भाताची टोपं ठेवतो.

तर माप घ्यायचं ते दाराच्या चौकटीचं आणि चाकाच्या पेट्यांमधल्या अंतराचं, या दोन्हीत जे कमी ते तुमच्या ट्रेलरचं खरं माप. बाकी कागदावरचं.

पण नुसती गाडी मावली म्हणजे झालं असंही नाही, हे लेखात कुठंच नव्हतं. साध्या मोटारसायकलचा भार तिच्या मध्यावर असतो, साईडकारवाल्या गाडीचा नसतो. माझी बुलेट धरा पावणेदोनशे किलो आणि साईडकार पंचाहत्तर, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य बुलेटच्याच अंगाला, तिच्या रेषेपासनं डावीकडं जेमतेम एक वीत. गाडी डब्यात बरोब्बर मधोमध उभी केली की दिसायला छान दिसते पण ट्रेलरच्या उजव्या चाकावर जास्त भार येतो आणि डबा एका अंगाला बसतो. म्हणून ती वीतभर डावीकडं सरकवून लावावी लागते. आणि सरकवायला जागा हवी! माझ्या पाच फूट दोन इंची गाडीला आतनं मोकळं साडेसहा फूट लागलं ते यामुळं. दुसरा डबा करून घेतला तेव्हा चाकं बाहेर काढली, डब्याच्या दोन्ही अंगाला, त्यामुळं फरशी खाली राहिली आणि आत पेट्या नाहीत. तोटा हा की ट्रेलर तो ओढणाऱ्या माझ्या मोटारीपेक्षा रुंद झाला, आरशात मागचं काही दिसेना, लांब दांडीचे आरसे लावावे लागले आणि पेठेतल्या बोळात न्यायचा विषयच संपला.

उंची मात्र फार घेऊ नका. लोक सात फूट करतात, उभं राहता येतं म्हणून. गाडी चार फुटाची, उरलेल्या तीन फुटात नुसती हवा भरून ती घाटात वाऱ्याला दाखवायची कशाला? मी साडेपाच ठेवली, पट्टे आवळताना वाकावं लागतं, कंबर बोलते, चालतं.

मागचं दार फाळक्यासारखं खाली पडून त्याचाच रॅम्प होणारं हवं, पूर्ण रुंदीचं. दोन फळ्या टाकून साईडकार चढवायचा शहाणपणा करू नये, साईडकारचं चाक मागच्या चाकाच्या जरा पुढं असतं, एक फळीवर चढतं तेव्हा दुसरं खालीच आणि सगळा सांगाडा तिरका होतो. त्यात इंजिनवर चढवली तर रेस दिल्यावर गाडी साईडकारच्या बाजूला ओढते, रॅम्पवर ते फार वाईट. रशियन उरल ही साईडकारवाली गाडी असणाऱ्यांचं बरं, त्यांना रिव्हर्स गिअर असतो, उतरवताना सोपं. आम्ही हाताच्या विंचनं, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या चक्रीनं, वर घेतो आणि विंचनंच सोडतो. वीस इंच उंच फरशीला सहा फुटाचा रॅम्पही चढाला भारीच पडतो, सायलेन्सर घासतो. चढवताना ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला जोडलेलाच ठेवा आणि मागच्या दोन कोपऱ्यांना टेकू द्या, नाहीतर वजन मागे आलं की पुढचा हुक वर उचलतो, अख्खा ट्रेलर झोपाळ्यासारखा.

बांधताना बुलेटची आणि साईडकारची चॅसिस बांधायची, हँडल नाही आणि साईडकारचा पत्रा तर अजिबात नाही. पट्टे अडकवायच्या कड्या फरशीच्या प्लायला स्क्रू मारून बसवलेल्या असतील तर त्या काढून खालच्या लोखंडी आडव्याला आरपार बोल्ट करून घ्या. चाकाला लाकडी गुटके. पेट्रोलचा कॉक बंद, टाकीत पेट्रोल थोडंच, आणि डब्याला एक जाळी खाली, एक वर, कारण मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात पेट्रोलचा वास काय साचतो ते एकदा दार उघडून बघाच.

हे सगळं केलं तरी पहिल्याच फेरीला खंबाटकी घाट चढून पलीकडं वेळे गावाकडं उतरताना ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग चांगलंच. ब्रेक मारला नाही, फक्त पाय वर घेतला, वेग कमी झाल्यावर थांबलं. परत आल्यावर वजनकाट्यावर गेलो. आधी ट्रेलर सुटा करून अख्खा काट्यावर, ८६० किलो. मग मोटारीला जोडून नुसती ट्रेलरची चाकं काट्यावर, ८२०. फरक चाळीस, म्हणजे हुकवर फक्त चाळीस किलो, पाच टक्केसुद्धा नाही. दहा ते पंधरा टक्के हवेत, हुकवर भार कमी म्हणूनच शेपूट हलत होतं. बुलेट दीड फूट पुढं सरकवली, परत काटा, नव्वदच्या घरात. त्यानंतर हललेला नाही. काटेवाला विचारत होता, साहेब माल काय आहे? म्हटलं आईची सीट.

आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक घ्या हो. कात्रजच्या बोगद्यातनं बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा तो उतार अपघातांमुळं आपल्याच पेपरात दर महिन्याला येतो, तिथं मागनं साडेआठशे किलो वजन ढकलत असताना फक्त पुढच्या मोटारीच्या ब्रेकवर मी तरी विसंबणार नाही. ट्रेलरचं रजिस्ट्रेशनही वेगळं असतं, कागद बघूनच पैसे द्या.

राहिला प्रश्न पार्किंगचा, तो लेखात सोयीस्कर वगळलाय. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर पाऊण तास चर्चा झाली, सेक्रेटरींनी विचारलं ही गाडी आहे का खोली, खोली असेल तर मेंटेनन्स लावावा लागेल. शेवटी धायरीच्या पुढं एका मित्राच्या पेरूच्या बागेत जागा मिळाली. तो भाडं घेत नाही. महिन्यातनं एका रविवारी त्याच्या दोन नातवंडांना साईडकारमध्ये घालून खडकवासल्याला कणीस खायला न्यायचं, एवढंच ठरलंय, आणि मागच्या रविवारी आपली पुरवणी वाचत बसल्यामुळं मला तिथं पोचायला अर्धा तास उशीर झाला.

आपला नियमित वाचक,
सहकारनगर, पुणे