मास्क नव्हते, तर तसे सांगायचे होते

संपादक महोदय,

महासाथीतले निर्बंध योग्य होते की अतिरेकी, यावर आपल्या पत्रस्तंभात गेले काही दिवस वाद रंगला आहे. कोणी म्हणतो, सगळे बंद करून लोकांचे रोजगार आणि मुलांच्या शाळा बुडवल्या. कोणी म्हणतो, बंद केले नसते तर रुग्णालये कोलमडली असती. रुग्णालयाचा दाखला दोघेही देतात, पण आत काम करणाऱ्यांना त्या काळात काय सांगितले जात होते, याबद्दल कोणाच्याच पत्रात ओळ नाही. एका वाचकाने मात्र लिहिले की परिचारिकांनी हा पेशा स्वतःहून निवडला होता आणि धोका त्यांना माहीत होता. मी आयुष्यभर परिचारिका होते, साथीत एका वॉर्डची इन्चार्ज होते. त्या वाचकाला उत्तर द्यावेसे वाटले म्हणून हे पत्र.

धोका माहीत होता, हे अगदी खरे. क्षयरोग्यांची सेवा केली, एचआयव्हीबाधितांची बाळंतपणे केली. पण तिथे नियम होते. सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, वरिष्ठांना कळवायचे, रजिस्टरात नोंद करायची आणि एचआयव्ही रोखणारे औषध लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायचे. नवी आलेली मुलगीसुद्धा हे पाठ म्हणून दाखवायची. नोंद झाली म्हणजे ती इजा कामावर झाली, यावर पुढे कोणी हुज्जत घालत नसे. कोविडमध्ये माझ्या वॉर्डातली मुलगी तापाने पडली की पहिला प्रश्न यायचा, ‘घरून आणला असेल का?’ कागदावरही तेच चढायचे. रोज बारा तास खोकणाऱ्या माणसांत उभी असलेली बाई आजार घरूनच आणणार, हा तर्क मला आजही कळलेला नाही.

आता मास्कविषयी. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा विषाणू हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले. त्याच समजुतीवर जगातल्या कितीतरी रुग्णालयांत वाटणी झाली: घशात नळी घालणे, सक्शन म्हणजे नळीने कफ ओढून काढणे, अशी हवेत बारीक कण उडवणारी मानलेली कामे जिथे चालतात तिथे ते कण अडवणारा एन-९५ मास्क, बाकीच्यांना साधा तीन पदरी मास्क. आयसीयू पहिल्या यादीत, माझा जनरल वॉर्ड दुसऱ्या. जनरल वॉर्डात काय असते, हे ती यादी करणाऱ्याने पाहिले असते तर बरे झाले असते. खिडक्या बंद, ओळीने खाटा, प्रत्येक खाटेवर धापा टाकत खोकणारा माणूस, आणि त्याला उठवून बसवायला, पाणी पाजायला, कुशीवर वळवायला आमचे तोंड त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर.

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासली गेली. सफाई कर्मचाऱ्यांत ३४.५ टक्के जणांना संसर्ग होऊन गेलेला, तातडीच्या मेडिसिन विभागात ३३ टक्के, आणि ज्याला सगळे सर्वांत धोकादायक समजत होते त्या आयसीयूत १४.८ टक्के. पुढे हवेतले कण मोजले गेले, तेव्हा नळी घालताना जितके कण उडतात त्यापेक्षा साध्या खोकल्यातून जास्त उडतात असे दिसले. फरशी पुसणाऱ्या मावशींना हे मोजायची गरज पडली नसती.

याच्या उलट पुरावाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधल्या हजारभर आरोग्य कर्मचाऱ्यांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. साधा मास्क वापरणाऱ्यांत सुमारे १०.५ टक्के, एन-९५ वापरणाऱ्यांत ९.३ टक्के संसर्ग आढळला. बघा, फरक नाही, असे लगेच म्हटले गेले. पण त्या चाचणीची कसोटी अशी होती की साध्या मास्कने धोका एन-९५च्या दुपटीपेक्षा कमी राहत असेल, तर तो ‘कमी दर्जाचा नाही’ असे धरायचे. दुपटीची ही रेषा आखताना वॉर्डातल्या कोणाला विचारले असते, तर तिने ती तिथे आखली नसती असे मला वाटते.

तरीही माझी खरी तक्रार मास्क न मिळाल्याची नाही. जगभरच तुटवडा होता, कारखाने एका रात्रीत उभे राहत नाहीत, हे आम्हालाही समजत होते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने त्या मार्चमध्ये, काहीच उरले नाही तर शेवटचा उपाय म्हणून रुमाल किंवा स्कार्फ बांधा, असे आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगितले. वाचून अंगावर काटा आला. पण त्याने संरक्षण किती मिळेल हे माहीत नाही, असेही तिथेच लिहिले होते. आमच्याकडे परिपत्रक आले ते ‘तुमच्या विभागात एन-९५ची आवश्यकता नाही’ असे. आवश्यकता नाही आणि साठा नाही, या दोन वाक्यांनी कामाची पद्धतच बदलते, वरिष्ठांनो. साठा नाही असे सांगितले असते तर आम्ही पहिल्या दिवशीच खिडक्या उघडल्या असत्या, एसी बंद केला असता. औषध, सलाईन, बीपी, चादर ही कामे एकाच फेरीत उरकली असती. जेवण्याच्या खोलीत मास्क काढून चौघी एकत्र बसल्या नसत्या. ‘आवश्यकता नाही’ वाचल्यावर माणूस कशाला एवढे करील?

संसर्ग हवेतून होतो, असे २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याचे निवेदन जुलै २०२० मध्ये आले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी पद सोडताना, हे आपण बरेच आधी म्हणायला हवे होते, असे कबूल केले. तोवर २०२२ संपत आले होते.

निर्बंधविरोधकांनाही एक विचारायचे आहे. निर्बंधांना विरोध करणाऱ्या काही शास्त्रज्ञांच्या ऑक्टोबर २०२० च्या ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनाम्याचे गोडवे आपल्या स्तंभात गायले गेले: धोका कमी असलेल्यांनी मोकळे जगावे, वृद्धांना जपावे. वृद्धाश्रमांत ज्यांना प्रतिकारशक्ती आली आहे असे कर्मचारी नेमावेत, असे त्यात सुचवले आहे. तेव्हा लस कुठे होती? प्रतिकारशक्ती यायची तर त्या कर्मचाऱ्याने आधी आजार काढायचा, जगायचे आणि मग कामावर यायचे. जपणाऱ्यांना कोण जपणार, हे त्या आखणीत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या आखणीतही ते नव्हते, म्हणून माझे मत कोणत्याच गटात मोजू नये.

आणि हे सगळे नवे होते, असेही कोणी म्हणू नये. २००३ च्या सार्समध्ये, म्हणजे कोविडसारख्याच विषाणूच्या आधीच्या साथीत, कॅनडातल्या २५१ रुग्णांपैकी १०९ आरोग्य कर्मचारी होते. साथ संपली असे समजून टोरांटोत मे महिन्यात खबरदारी सैल केली गेली. एका रुग्णालयातल्या परिचारिका सांगत होत्या की पुन्हा तसाच न्यूमोनिया दिसतो आहे. त्यांचे कोणी ऐकले नाही, आणि दुसरी लाट आली. चौकशी करणारे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांनी निष्कर्ष काढला की धोका कमी करण्यासाठी शास्त्रीय खात्रीची वाट पाहत बसू नये. हा अहवाल कोविडच्या आधी तेरा वर्षे छापून तयार होता. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज आहे.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, महासाथ करार मंजूर केला. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाबद्दल त्यात लिहिले आहे, चांगलेच आहे. मला त्याखाली दोन साध्या गोष्टी हव्या आहेत. संरक्षक साधनांच्या प्रत्येक परिपत्रकावर, ही शिफारस पुराव्यामुळे आहे की साठ्यामुळे, हे एका ओळीत लिहावे. आणि साथीच्या वॉर्डात काम करणारी व्यक्ती, मग ती डॉक्टर असो की कंत्राटी मावशी, आजारी पडली तर सुई टोचल्यासारखीच त्याची नोंद कामावरची इजा म्हणून व्हावी. संसर्ग घरून आला असे रुग्णालयाला वाटत असेल, तर ते रुग्णालयाने दाखवून द्यावे.

आपली,
एक निवृत्त इन्चार्ज परिचारिका