हार्वेस्टर वळवायचा कुठे?

मा. संपादक,

शेती आधुनिक करायची म्हणजे ड्रोन, ॲप आणि मोठी मशिनं, असं आपल्या पेपरात हल्ली सारखं येतंय. त्यावर युरोपातल्या अल्बेनियाचं बघा.

तिथं एन्व्हर होजा ह्या कम्युनिस्ट हुकूमशहाच्या राजवटीत 1967 पर्यंत डोंगरातली गावंसुद्धा सामूहिक शेतीत ओढली, पुढे तर घरची जनावरंही काढून घेतली. 1991 ला ती कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि 7501 नंबरचा कायदा आला, शेती संस्थांची जमीन माणशी सारखी वाटून टाका. आता कुणावर अन्याय नको म्हणून एक तुकडा भारी जमिनीतला, एक हलक्यातला, एक ओलिताचा, एक चढावरचा असं करत घरटी सव्वा हेक्टरच्या आसपास आली, तीही तीन-चार ठिकाणी. ह्यात हार्वेस्टर वळवायचा कुठे सांगा! आपल्याकडे भावकीच्या वाटण्यांनी दोन-तीन पिढ्या घेतल्या, तिथं वर्ष-दोन वर्षांत उरकलं.

पाण्याची तर अजून वाईट गत. कॅनॉल आणि पंप मोठमोठ्या सलग प्लॉटच्या हिशोबाने बांधलेले, मालक झाले ढीगभर, मग चारीतला गाळ कोण काढणार? शिवाय त्या गोंधळात लोकांनी हाताला लागेल ते उचलून नेलं, काही ठिकाणी बागासुद्धा तोडल्या. नंतर वर्ल्ड बँकेच्या पैशातून पाणी वापर संस्था काढल्या (ओळखीचं वाटतंय ना).

कागदाचा घोळ वेगळाच, कम्युनिस्टांच्या आधीचे मालक म्हणतात जमीन आमची, उत्तरेत तर बऱ्याच गावांनी कायदा बाजूला ठेवून आजोबांच्या हद्दी धरूनच वाटून घेतलं. कागद साफ नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही आणि पोरं गेली इटली-ग्रीसला.

तरी जमलं कुठे, तर लुश्न्या, बेरात भागातल्या ग्रीनहाऊसमध्ये, तिथला टोमॅटो-काकडी आज एक्सपोर्ट होते. आणि उत्तरेत सेजसारख्या औषधी वनस्पती, त्या अमेरिकेपर्यंत जातात. दोन्हीला जमीन थोडी लागते, पण पाणी, पॅकिंग आणि घेणारा व्यापारी पक्का लागतो.

आपल्या राज्यात 1947 पासून जमिनीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून तुकडेबंदीचा कायदा आहे आणि सरासरी शेतजमिनीचं खातं तरी सव्वा-दीड हेक्टरच्या मध्येच. म्हणून विनंती, ड्रोनचे फोटो छापा, काही हरकत नाही, पण जमीन मोजणीची तारीख मिळायला किती हेलपाटे पडतात आणि कॅनॉलच्या टेलच्या (शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही ह्यावर पण एकदा पानभर बातमी करा.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. सांगली