नाट्यगृहाच्या आराखड्यात ऑर्गन-तबल्याची जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी या गायक-नटाची, केशवरावांची, जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू १९१५ सालची. नाट्यगृहांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की खुर्च्या, छप्पर, वातानुकूलन, वाहनतळ यांवर भरपूर बोलले जाते. ते हवेच आहे. पण ज्या संगीत नाटक मंडळींच्या जोरावर महाराष्ट्रात नाट्यगृहे भरली, त्यांचे साथीदार, म्हणजे ऑर्गन-तबला वाजवणारे, बसणार कुठे, हे आराखडा करणाऱ्याला कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मराठी नाटकाचे आद्य प्रवर्तक विष्णुदास भावे यांच्या काळात गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले आणि पद, म्हणजे नाटकातले गाणे, पात्राच्या तोंडी दिले. तेव्हापासून साथ अवघड झाली. गाणारा एका जागी बसलेला नाही. तो चालतो, वळतो, बोलता बोलता सुरात शिरतो, तान लांबवतो. त्याचे ओठ आणि हात दिसल्याशिवाय सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडता येत नाही. म्हणून साथीदार रंगमंचासमोर, एका कडेला.

आज त्यांना बहुतेक ठिकाणी विंगेत ढकलतात. तिथून नटाची एक बाजू तेवढी दिसते, आणि अंक बदलताना सामान हलवणारे नेमके मध्ये येतात. त्याहून वाईट म्हणजे नटाला तबल्याचा ठेका थेट ऐकू येत नाही. समोरच्या कर्ण्यांतून प्रेक्षागृहात गेलेला आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, तोच त्याच्या कानी पडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागची भिंत २५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे जवळजवळ ०.१५ सेकंदाचा उशीर. मिनिटाला २०० मात्रांच्या द्रुत त्रितालात एक मात्राच ०.३ सेकंदाची. परतीचा ठेका धरून गाणारा नट अर्धी मात्रा मागे पडणारच, आणि ‘याला लय नाही’ हा शिक्का मात्र त्याच्यावर बसतो. नटाकडे तोंड केलेला कर्णा, म्हणजे मॉनिटर, लावून हे काहीसे सावरते, पण ओठ दिसण्याची सोय मॉनिटर करीत नाही.

जागा किती लागते? ऑर्गन सुमारे चार फूट रुंद आणि दोन फूट खोल, त्यामागे स्टूल, शेजारी तबलजी, जमल्यास एक व्हायोलिन किंवा सारंगी. दहा फूट बाय पाच फुटांत हे बसते. खड्डा खणायची गरज नाही. रंगमंच साडेतीन फूट उंच असेल तर मांडी घालून बसलेल्या तबलजीची नजर अडीच फुटांवर येते आणि त्याला समोर नुसती लाकडी फळी दिसते. दीड फुटाचा चौथरा दिला की नजर रंगमंचाच्या अर्धा फूट वर जाते. चौथरा मधोमध ठेवला तर पहिल्या रांगेला तबलजीचे डोके आड येते, म्हणून कडेला. शेजारी विजेचे एक सॉकेट आणि झाकणाचा मंद दिवा असला की झाले.

वातानुकूलनाचा झोत मात्र त्या कोपऱ्यावर नको. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे कातडे, सैलावते आणि त्याचा सूर उतरतो; कोरड्या थंड हवेत आणि दिव्यांच्या उष्णतेत तो चढतो. तबले तासभर आधी जागेवर आणून ठेवावे लागतात, तेही तीन-चार. प्रत्येक गाणाऱ्याचा ‘सा’ पेटीच्या वेगळ्या पट्टीवर असतो. नायक काळी एकमध्ये आणि नायिका काळी चारमध्ये गात असेल तर काळी चारचा शुद्ध मध्यम (चौथा सूर) म्हणजे काळी एकच, त्यामुळे एकच तबला दोघांना चालतो. पण नायिकेचे पद यमन रागात आले की शुद्ध मध्यम खटकतो, कारण यमनात तो नसतो. तिथे पंचमात (पाचव्या सुरात) मिळवलेला, म्हणजे काळी दोनचा तबला हाताशी लागतो. पुरुषच स्त्रीभूमिका करीत तेव्हा पट्ट्यांचे हे अंतर आजच्याएवढे नव्हते.

ऑर्गनचे दुखणे वेगळे. पायपेटीचा (पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमचा) भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनचा भाता ती आत ओढतो, त्यामुळे धूळही आत जाते. रीडची धातूची जिभली आणि तिची चौकट यांच्यात एक कण अडकला की तो सूर मुका. मागची फळी काढून, आकड्याने रीड ओढून, मऊ ब्रशने साफ केले की पाच मिनिटांत काम होते. जिभली खरवडायला मात्र जाणकारच हवा. पावसाळ्यात बोटांखालच्या पट्ट्या फुगून अडकतात. भात्याचे कापड आणि नमदा (दाबलेल्या लोकरीचा थर) उंदरांना फार प्रिय. रंगमंचाखालच्या ओलसर कोठीत टाकलेला ऑर्गन दोन पावसाळ्यांत निकामी होतो. त्याला वरच्या मजल्यावरची कोरडी, कुलूपबंद खोली द्यावी. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड तालमीपुरता ठीक, पण पायाने भाता दाबून सूर फुगवणे-विरवणे त्यात साधत नाही. आधी भरून ठेवलेल्या साथीवर गाणे म्हणजे तर ‘वन्स मोअर’ला कायमची रजा.

हा हट्ट हौसेपोटी नाही. संगीत नाटक मंडळींनी समाजाला काय दिले, ते या साथीतूनच दिले. गवई भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या, रामकृष्णबुवा वझ्यांनी ‘रणदुंदुभी’ला, गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. दरबारात किंवा खासगी बैठकीत ज्याला कधी प्रवेश मिळाला नसता, त्याने स्वस्त तिकिटात हे ऐकले. रागाचे नाव ठाऊक नसलेली माणसे भीमपलास आणि यमन बिनचूक गुणगुणू लागली ती पदांमुळे. मंडळी गावोगाव मुक्काम करीत; शाळा, वाचनालय, व्यायामशाळा यांच्या मदतीसाठी खेळ लावण्याची रीत होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व एकत्र उभे राहिले तो ‘संयुक्त मानापमान’ही टिळक स्वराज्य फंडासाठीच होता. कोकणात आणि गोव्यात देवळाच्या उत्सवातले संगीत नाटक गावकरी आजही स्वतः उभे करतात. अशा मंडळांना ध्वनियंत्रणेचे भाडे परवडत नाही. साथीदार समोर बसले तर दोन-तीन साध्या माइकवर त्यांचे भागते.

हे सारे बांधकाम सुरू होण्याआधी ठरायला हवे. रंगमंचासमोरच्या पट्ट्यात एकदा हवेच्या नळ्या आणि तारा गेल्या की चौथऱ्याची जागा कोणी सोडत नाही. तिकिटे कमी होतील ही भीतीही नको. दहा फुटांत पहिल्या रांगेतल्या पाचच खुर्च्या येतात. त्या जमिनीत बोल्टने न जखडता सुट्या ठेवल्या आणि चौथरा लाकडी, दोन तुकड्यांचा केला, तर गद्य नाटकाच्या दिवशी चौथरा उचलून खुर्च्या पुन्हा मांडता येतील.

आपले,
एका हौशी संगीत नाट्यमंडळाचे साथीदार