योजनेत बसतं का? (डॉक्टर मित्राला पत्र)

प्रिय सुहास,

उदगीरच्या तुझ्या नव्या मानसोपचार दवाखान्याबद्दलचा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फर्निचर, बोर्डाचा रंग, काकूंनी काढलेला मुहूर्त, सगळं सांगून झालं आणि शेवटी हळूच विचारलंस, "मंजू, आपले मानसिक आजाराचे पेशंट सरकारी मोफत उपचारांच्या योजनेत बसतात का गं?" अरे, हा प्रश्न पहिला विचारायचा असतो, बोर्डाच्या रंगाच्या आधी. फोनवर सांगितलं तर तू विसरशील हे माहितीये म्हणून लिहूनच काढतेय, प्रिंट काढ आणि टेबलाच्या काचेखाली सरकव.

आधी वाईट बातमी. योजनेच्या भरवशावर उदगीरला बेड टाकू नकोस. आयुष्मानमध्ये, म्हणजे केंद्राच्या योजनेत, आपल्या आजारांची पॅकेजेस आहेत, स्किझोफ्रेनिया, मूड डिसऑर्डर, व्यसन, ईसीटी (विजेचे झटके देऊन उपचार), अगदी टीएमएससुद्धा (चुंबकाने मेंदूला उत्तेजन देणं), पण केंद्राच्या यादीत ती सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेली आहेत. राज्याला त्यात फेरफार करायची मोकळीक असते, त्यामुळे तुमच्याकडे आज नेमकं काय चालू आहे ते राज्याच्या महात्मा फुले योजनेच्या जिल्हा समन्वयकालाच विचार आणि लेखी घे. मध्ये एखादा एजंट येईल, "सर एम्पॅनलमेंट, योजनेच्या यादीत नाव, मी करून देतो" म्हणेल, त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. आणि मेंटल हेल्थकेअर ऍक्टखाली एस्टॅब्लिशमेंटची नोंदणी झाल्याशिवाय एकही पेशंट रात्री ठेवायचा नाही, योजना असो नसो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. योजना पैसे देते बेडचे, आणि आपला पेशंट जगतो ओपीडीत. बायपासवाला आला, झाला, घरी गेला, त्याचं पॅकेज त्याच्या आजाराच्या मापाचं शिवलेलं असतं. आपल्या बायपोलरवाल्याचं तसं नाही ना, वर्षातले थोडे दिवस तो वॉर्डात असतो आणि बाकी वर्षभर लिथियमच्या गोळ्या, रक्तातली लेव्हल तपासणं, एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरची औषधं पंधरा दिवसांपर्यंत, पुढे तुझं तू. म्हणून मी आमच्या डॉक्टरांना सारखी सांगते की "योजनेत बसतो का" असं विचारू नका, "ह्याचं काय काय कुठून कुठून निघेल" ते विचारा. ऍडमिशन एकीकडून, गोळ्या दुसरीकडून, पेन्शन तिसरीकडून. हे जुळवणं हेच अर्धं काम आहे आणि ते एमडीला कुणी शिकवत नाही.

सुरुवात कार्डापासून. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही योजना लागू आहे, ५ लाखांपर्यंत, त्यामुळे "आमचं कार्ड पिवळं नाही हो" म्हणून परत जाणाऱ्याला थांबव. सत्तरीच्या पुढचे असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं वयवंदना कार्ड निघतं, डिमेन्शियात रात्र रात्र ओरडणारे आजोबा घेऊन येतात ना, त्यांच्यासाठी हे लक्षात ठेव.

आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही, तू नक्की विचार: मुलगा कुठे कामाला आहे? उदगीर-देवणीकडची किती पोरं चाकणला, वाळूजला कंपनीत आहेत. पगार २१ हजाराच्या आत असेल तर ईएसआयसी (कामगार विमा) कापलं जातं आणि त्यात बायको-मुलंच नाही, अवलंबून असलेले आईवडीलही येतात. तिथे ओपीडीच्या गोळ्याही मिळतात, म्हणजे आपल्याला हवं तेच. शिवाय पोरगा स्वतःच पेशंट असेल तर एक्स्टेंडेड सिकनेस बेनिफिट, म्हणजे लांबलेल्या आजारपणातला भत्ता, नावाची गोष्ट आहे, लांबणाऱ्या आजारांच्या यादीत सायकोसिस आहे, अटीत बसला तर रोजच्या पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. मी हे एका सुपरवायझरच्या बापाला सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी चिटफंड विकतेय. पोराने राजीनामा लिहून खिशात ठेवलेला! लाजेपायी. आजार कंपनीला कळू नये म्हणून नोकरी सोडतात आणि नोकरीबरोबर कार्ड पण जातं. म्हणून पहिल्याच व्हिजिटला सांग, राजीनामा देऊ नको, आधी सर्टिफिकेट घे.

आता बायकांचं. ह्यात माझा जीव सगळ्यात जास्त जातो. लग्नानंतर आजार दिसला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, आणि नाव मात्र सासरच्या रेशनकार्डावर. मागे एक भाऊ बहिणीला घेऊन आला, ती खाटेच्या कडेला पदराचं टोक चावत बसलेली, आणि आरोग्यमित्र (योजनेचा रुग्णालयातला माणूस) विचारतोय रेशनकार्ड. भावाने नवऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, कार्ड हवं तर आधी फारकतीच्या कागदावर अंगठा पाठवा. तिथल्या तिथे भावाचा आवाज चढला, मी फोन काढून घेतला. पण खरं तर मूळ कार्ड हातात लागतंच असं नाही, तहसीलच्या पुरवठा शाखेत आधारवरून १२ अंकी नंबर सापडतो, तेवढ्यावर पुढचं सुरू करता येतं. नाव कमी करून माहेरच्या कार्डावर चढवायचा अर्ज पण त्याच दिवशी टाकायला लावायचा, नाहीतर पुढच्या ऍडमिशनला परत हीच भानगड. आणि फारकतीच्या कुठल्याही कागदावर वॉर्डात सही-अंगठा होऊ द्यायचा नाही, हे तुझ्या स्टाफला आत्ताच बजावून ठेव.

मग तुझं लिखाण. रागावू नकोस पण तुम्ही सायकियाट्रिस्ट लोक केसपेपरवर लिहिता ते तुमचं तुम्हालाच कळतं. तू स्वतः ऍडमिट करणार नाहीस, लातूरला पाठवशील, तरी तिथल्या प्रीऑथला, म्हणजे योजनेकडे आधी मागायच्या मंजुरीला, तुझीच चिठ्ठी जोडली जाते. "इरिटेबल, स्लीप डाऊन, ऍडव्हाइज ऍडमिशन" एवढ्यावर क्वेरी येणारच, की ओपीडीत का नाही भागत? त्याऐवजी साधं लिही: चार दिवस जेवला नाही, विषाची भीती म्हणून गोळी थुंकतो, विहिरीकडे पळाला, घरच्यांना धरून ठेवावं लागलं. पलीकडे फाइल बघणारा डॉक्टर सायकियाट्रीचा असेलच असं नाही, त्याला चित्र दिसलं पाहिजे.

आणि नातेवाईक हात जोडून म्हणतील, "साहेब, तेवढं वेडाचं लिहू नका, झोपेचा त्रास लिहा, पोरीचं लग्न व्हायचंय." तुझं मन मऊ आहे, तू लिहून देशील. नको लिहू. झोप येत नाही म्हणून कुठलीच योजना पंधरा दिवस बेड देत नाही, आणि पुढच्या वेळी खरं निदान लिहिलंस की मागचा कागद आडवा येतो. गोपनीयतेचा हक्क कायद्यात दिलाय, तो वापर, क्वेरीला लागेल तेवढंच दे, घरातली सगळी भांडणं अपलोड करायची गरज नसते. पण निदान खोटं नको.

अपंगत्वाच्या दाखल्यातही हेच होतं. दर फॉलोअपला तू "स्टेबल" लिहितोस. तुझ्या लेखी स्टेबल म्हणजे आवाज येत नाहीत, मारत नाही. पण दाखला देणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे आयडियाज स्केल (मानसिक आजाराने आलेलं अपंगत्व मोजायची पट्टी) भरताना बघतात काय, तर स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, शिवाय आजार किती जुना. आई अंघोळ घालते, वर्षानुवर्षं कामाला गेला नाही, आणि फाइलभर स्टेबल स्टेबल स्टेबल! ४० टक्क्यांखाली आला की यूडीआयडीचा (अपंगत्वाच्या ओळखपत्राचा) उपयोग संपला, संजय गांधी निराधारच्या पेन्शनचा अर्जही अडकला. आईला एकच प्रश्न विचार, "सकाळी उठल्यापासून काय करतो?" आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिही. वाढवून नाही हां, लोक शंभर टक्के मागतात, त्याला बधू नकोस.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनचं तुला काय सांगायचं, पण पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं तर गरीब माणूस तिसऱ्या आठवड्यातच गळतो. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) सॅम्पल घेऊन महालॅब ह्या सरकारी योजनेच्या लॅबला पाठवतात, फुकट, चिठ्ठीवर तारखा लिहून दे. गोळ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मिळतात का ते आधी बघून मगच ब्रँड ठरव, तिथे नसलेलं मॉलिक्यूल सुरू करून काय उपयोग. ईसीटीची गरज असेल तर पेशंट पाठवताना आधी किती सेशन झाले ते तारखांसकट लिही, पॅकेज सेशनवर असतं आणि भुलेच्या नोंदीशी आकडा जुळला नाही की क्लेम लटकतो. रात्री-अपरात्री घाबरून फोन करणाऱ्यांना टेलीमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ दे, तुझा पर्सनल नंबर नको, घरात शलाकाला पण झोप लागते.

हे सगळं तू एकटा करू शकणार नाहीस, म्हणून पहिला पगार रिसेप्शनिस्टचा नाही, सोशल वर्करचा धर. पुढे बेड टाकलेस तर मेंटल हेल्थकेअर ऍक्टच्या कलम ८९ खालची (जवळच्या माणसाच्या अर्जावर केलेली) ऍडमिशन मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्डाला ७ दिवसांत कळवायची असते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत, हे कोण लक्षात ठेवणार, तू? माझ्याकडे प्लेसमेंटला होती ती निलंग्याची मुलगी आता एमएसडब्ल्यू (समाजकार्यात पदव्युत्तर) झालीये, तहसीलमध्ये भांडायला घाबरत नाही, मराठवाडी बोलते, बायका तिच्याशी मोकळ्या होतात. पुण्यात तिला कॉल सेंटर टाइप काम मिळतंय, ते घ्यायच्या आत तू बोल. पगार नीट सांग, "सुरुवातीला थोडं ऍडजस्ट कर" वगैरे ऐकवू नकोस, मी तिला तुझं नाव सांगून ठेवलंय. आणि केसपेपर छापायला टाकायच्या आधी मला त्याचा फोटो पाठव, "कार्ड कुठलं", "मुलगा कुठे कामाला" आणि "दिवसभर काय करतो" ह्यांना जागा ठेवलीयस का बघते.

काकूंना नमस्कार. उद्घाटनाला येणार, पण रविवार असेल तरच.

तुझी
मंजू